मुलांचं लिखाण कुणाचं?

रविवारी सकाळी साडेदहाला आमची मराठी शाळा भरते. शाळा म्हणजे इथल्या एका सरकारी शाळेच्या भाड्याने घेतलेल्या चार वर्गखोल्या, दीड तासाची वेळ आणि शिकवणारे आम्ही सगळे हौशी. कुणी इंजिनियर, कुणी दंतवैद्य. मी आयुष्यभर हिशेब तपासायची नोकरी केली. मुलं मला मावशी म्हणतात. अमेरिकेत, इंग्लंडात किंवा आखातात राहणाऱ्या तुमच्यापैकी पुष्कळांनी अशी शाळा पाहिली असेल, काहींनी तिथे शिकवलंही असेल. त्यामुळे पहिली अडचण तुम्हाला सांगायला नको. मुलांना मराठी समजतं, बरंचसं बोलताही येतं, पण लिहायची वेळ आली की पेन्सिल थांबते. ‘कशाला लिहायचं?’ या त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नसतं. इंग्रजीत लिहिलेलं शिक्षिका वाचतात, मैत्रिणी वाचतात. मराठीत लिहिलेलं फक्त मावशी वाचणार आणि तीही लाल शाईचं पेन घेऊन.

आठ वर्षांपूर्वी, २०१७ साली, या प्रश्नाचं उत्तर सापडलं असं मला वाटलं. दुसरी ते चौथीतल्या अकरा मुलांसाठी आम्ही वर्गाचा एक ब्लॉग सुरू केला. प्रत्येकाने आठवड्याला पाच वाक्यं लिहायची. रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टंकलं की पडद्यावर देवनागरी उमटतं, याचीच मुलांना आधी गंमत वाटली. ‘आजोबा’ हा शब्द पहिल्यांदा स्वतः उमटवल्यावर एका मुलाने तो सतरा वेळा लिहिला होता. बारा वाजता शाळा सुटायच्या आधी मी सगळ्यांची वाक्यं तपासायची आणि ब्लॉगवर चढवायची. इथले दुपारचे बारा म्हणजे उन्हाळ्यात भारतातले रात्रीचे साडेनऊ. तिकडे आजी-आजोबा जेवणं आटपून, चष्मा लावून वाटच बघत असायचे. पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकाच्या पाच वाक्यांखाली नाशिकहून, बेळगावहून, इंदूरहून चार-सहा प्रतिक्रिया आलेल्या असायच्या. ज्या मुलांना पाच वाक्यं डोईजड वाटत होती, ती पंधरा लिहायला लागली.

हे सांगताना मला माझी साताऱ्याची शाळा आठवते. पायऱ्यांजवळच्या भिंतीवर एक भित्तिपत्रक असायचं. त्यावर आपली कविता लागावी म्हणून मी चौथीत आठवडाभर जेवण विसरले होते. कुणीतरी वाचणार आहे हे कळलं की लिहिणाऱ्याची पाठ सरळ होते. शब्द दोनदा तपासला जातो, खोटं लिहिताना हात जरा अडखळतो. वाचक मिळणं हा शिक्षणाचाच भाग आहे असं मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. म्हणून पुढचं वाचताना मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे असा समज कृपा करून करून घेऊ नका.

त्या वर्गात आठ वर्षांची एक मुलगी होती. तिचं नाव मी लिहिणार नाही. एका रविवारी तिने लिहिलं:

‘मी शाळेतून येते तेव्हा बाबा दारात उभे असतात. आता बाबा ऑफिसला जात नाहीत. आम्ही दोघं पोहे करतो. कधी कधी बाबा दुपारी झोपतात, तेव्हा मी हळू चालते. मला हे खूप आवडतं.’

मी वाचलं आणि हरखून गेले. तीन महिन्यांपूर्वी ‘बाबा येतो’ लिहिणारी ही मुलगी आता ‘बाबा उभे असतात’ लिहीत होती. ‘तेव्हा मी हळू चालते’ हे वाक्य तर मोठ्या माणसालाही सुचू नये इतकं सुंदर. मी एक वेलांटी दुरुस्त केली आणि मजकूर ब्लॉगवर चढवला. मी त्यात शुद्धलेखन पाहिलं, घर पाहिलं नाही.

मंगळवारी तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांची नोकरी तीन आठवड्यांपूर्वी गेली होती. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की दुसरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात काही जमलं नाही, तर बहुतेकांना घर आवरावं लागतं. हा गृहस्थ ते दिवस मोजत होता. नाशिकच्या आई-वडिलांना त्याने काही सांगितलं नव्हतं, कारण वडिलांच्या हृदयावर नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती. वडिलांनी नातीची पाच वाक्यं वाचली आणि दुसऱ्या मिनिटाला फोन लावला. ‘ताई, चूक तुमची नाही,’ तो मला म्हणाला. ‘फक्त हे मी माझ्या तोंडाने सांगणार होतो.’

आजोबांना काही झालं नाही. उलट त्यांनी मुलाला धीर दिला. नोकरीही दुसऱ्या महिन्यात मिळाली. तेव्हा शेवट गोड झाला, असं तुम्ही म्हणाल, आणि मंडळातल्या दोघांनी तसं म्हटलंही. पण त्या सोमवारी रात्री घरात जे बोलणं झालं ते मुलीने ऐकलं होतं. आईने तिला सांगितलं होतं, ‘घरातलं बाहेर लिहायचं नाही.’ पुढच्या रविवारी ती आली आणि तिने लिहिलं: ‘आज ऊन आहे. मी सायकल चालवली. सायकल निळी आहे.’ वर्षअखेरपर्यंत ती असंच लिहीत राहिली. एकही चूक नाही आणि एकही माणूस नाही. मला विचाराल तर खरं नुकसान तिथे झालं.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे आहे, तो तुमच्यापुढे ठेवते. लहान मुलाने वर्गात लिहिलेला मजकूर कुणाचा? आणि तो जगापुढे ठेवायचा अधिकार कुणाला?

पहिलं उत्तर कायद्याचं. पालकांची संमती घ्या म्हणजे झालं. आम्ही ती घेतली होती. सप्टेंबरमध्येच अकराही घरांतून सही केलेला कागद आला होता. अमेरिकेत मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा १९९८ साली मंजूर झाला आणि २००० पासून लागू झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करण्याआधी संकेतस्थळाने पालकांची परवानगी घ्यावी असं तो सांगतो. शैक्षणिक कामापुरती ती परवानगी पालकांच्या वतीने शाळाही देऊ शकते. तो मुख्यतः व्यापारी संकेतस्थळांसाठी आहे, आमच्यासारख्या हौशी शाळेसाठी नाही. तरीही आम्ही त्याचा आत्मा पाळला होता. मुलांची आडनावं नाहीत, फोटो नाहीत, गावाचं नाव नाही. भारतात २०२३ साली झालेला कायदा तर अठरा वर्षांपर्यंत पालकांची संमती मागतो.

पण ‘माहिती’ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे आलं ते नाव, पत्ता, फोटो, आवाज. ‘बाबा आता ऑफिसला जात नाहीत’ हीही माहितीच, हे आमच्या लक्षात आलं नाही. शिवाय संमतीत एक मूळचीच गोम आहे. पालकांनी सप्टेंबरमध्ये सही केली ती एप्रिलमध्ये लिहिल्या जाणाऱ्या मजकुरावर. जे अजून लिहिलंच गेलेलं नाही त्याला संमती कशी देणार? या घटनेत तर दुखावला गेलेला माणूस सही करणाराच होता. आणि जिने लिहिलं तिला मात्र कुणीच विचारलं नव्हतं. तिचं मत आम्ही आईवडिलांच्या सहीत धरून टाकलं होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात तीन कलमं आहेत. बाराव्यात, मुलाशी संबंधित बाबींत त्याचं मत ऐकून घेतलं जावं असं म्हटलं आहे. तेरावं कलम मुलाला व्यक्त होण्याचं स्वातंत्र्य देतं. सोळावं त्याच्या खासगी आणि कौटुंबिक आयुष्याला संरक्षण देतं. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, पण अजून त्याला मंजुरी दिलेली नाही. माझ्या वर्गात त्या रविवारी तेरावं आणि सोळावं कलम समोरासमोर आली आणि बाराव्याची मला आठवणही झाली नाही.

दुसरं उत्तर सोपं आहे: बंद करा. घटनेनंतर मंडळात हीच सूचना आली. लहान मुलांनी वहीत लिहावं, ब्लॉग वगैरे मोठेपणी. मीही त्या वेळी मान डोलावली. पण घरी आल्यावर मला एक दुसरी गोष्ट आठवली. २०१२ साली स्कॉटलंडमधल्या नऊ वर्षांच्या एका मुलीने शाळेत मिळणाऱ्या जेवणाचे फोटो काढून त्याला गुण देणारा ब्लॉग सुरू केला. चव कशी, आरोग्याला किती बरं, किती घास झाले, जेवणात केस सापडला का, अशी तिची मोजमापं होती. बघता बघता जगभरचे लोक तो वाचू लागले. वर्तमानपत्रांत मथळे आले तेव्हा स्थानिक कौन्सिलने तिला शाळेत फोटो काढायला बंदी केली. त्यावर मोठा गहजब झाला आणि ती बंदी लगेच मागे घ्यावी लागली. त्या मुलीच्या ब्लॉगमार्फत एक लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली आणि त्यातून मलावीतल्या एका शाळेत मुलांसाठी स्वयंपाकघर उभं राहिलं.

इथे मोठ्यांनी आपल्याकडे नीट बघायला हवं. मुलांना जपतो असं म्हणत आपण कितीदा स्वतःला जपत असतो? त्या कौन्सिलला मुलीची काळजी होती की आपल्या अब्रूची? आणि आमच्या मंडळाला? ‘बंद करा’ म्हणणाऱ्यांत मीही होते, आणि माझ्या मनात त्या मुलीपेक्षा पुढचा असा फोन येऊ नये ही भीती जास्त होती, हे मला कबूल करायला हवं.

तिसरी गोष्ट जुनी आहे. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाची. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला गोळी लागल्यामुळे त्यांना वर्गात फार वेळ बोलणं झेपत नसे. १९२० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्युर-लू या खेड्यात त्यांनी वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या मनचं लिहायची, कुणाचं छापायचं ते वर्ग मिळून ठरवायचा, सगळे मिळून तो मजकूर सुधारायचे, मग मुलंच खिळे जुळवून छापायची. छापलेली पानं दुसऱ्या गावच्या शाळेत जायची, तिथली पानं यांच्याकडे यायची. समुद्रकाठच्या ब्रिटनीतली मुलं मासेमारीबद्दल लिहीत, डोंगरातली मुलं आपल्या गावाबद्दल. आपण आज वर्गात ब्लॉग म्हणतो त्याचं हे पूर्वरूपच.

पण त्यांचीही परीक्षा झाली. १९३२ मध्ये, त्यांची बदली साँ-पोल गावी झालेली असताना, एका मुलाने आपल्याला पडलेलं स्वप्न लिहिलं. स्वप्नात वर्गाने गावच्या मेयरविरुद्ध बंड केलं होतं. मुलाचं स्वप्न ते. पण तो मजकूर गावातल्या विरोधकांच्या हाती लागला, भिंतींवर पत्रकं लागली, उजव्या विचारांच्या वर्तमानपत्रांनी ते उचललं. शेवटी फ्रेने यांना ती शाळा सोडावी लागली आणि पुढे १९३५ मध्ये त्यांनी वाँसला स्वतःची शाळा काढली.

या गोष्टीतून मी काय घेतलं ते सांगते. बार-स्युर-लूची पानं ब्रिटनीतल्या वर्गाने वाचली तेव्हा काही बिघडलं नाही, कारण तो वाचक ओळखीचा होता आणि तोही आपली पानं पाठवत होता. दोघांचंही काहीतरी एकमेकांच्या हाती होतं. साँ-पोलचं पान ज्यांच्या हाती पडलं त्यांना त्या मुलाशी देणंघेणं नव्हतं. त्यांना हत्यार हवं होतं. मजकूर मुलाचाच, छापखाना तोच. फरक वाचकात होता.

आता माझं भित्तिपत्रक आठवा. ते कोण वाचणार हे मला ठाऊक होतं: आमच्या शाळेतली मुलं, गुरुजी, बाई आणि फार तर शिपाईकाका. पंधरा दिवसांनी ते उतरायचं. माझी चौथीतली कविता आज जगात कुठेही नाही आणि त्याबद्दल मी देवाची आभारी आहे. त्याच्याही आधी पाटी होती. पाटीवर चुकलेलं ओल्या फडक्याने पुसलं की संपलं. शिकण्यासाठी चुकावं लागतं आणि चुकण्यासाठी पुसता यावं लागतं, ही साधी सोय त्या काळ्या दगडात होती. ब्लॉगला वाचक अमर्याद आणि मुदत अमर्याद. आम्ही तिचा तो मजकूर काढून टाकला तेव्हा तो आधीच सात जणांच्या फोनमध्ये पोचलेला होता. कायद्यालाही हे हळूहळू कळतंय. कॅलिफोर्नियात २०१५ पासून अल्पवयीन मुलाला स्वतः टाकलेला मजकूर काढून टाकायला सांगता येतं. युरोपात २०१८ पासून लागू झालेल्या नियमांत माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे आणि लहानपणी दिलेल्या संमतीचा त्यात खास विचार केलेला आहे. पण कायदा मागून पुसतो. पाटी त्याच दिवशी पुसली जायची.

तर मग मजकूर कुणाचा? पालकांचा म्हणावा तर त्यात मुलाचा आवाज आहे. मुलाचा म्हणावा तर त्यात बाबांची नोकरी आहे, आईची चिंता आहे. आपली गोष्ट सांगताना दुसऱ्याची गोष्ट सांगितली जातेच. आत्मचरित्र लिहिणाऱ्या मोठमोठ्यांनाही हे टळलेलं नाही. फक्त त्यांना परिणाम कळतो, आठ वर्षांच्या मुलाला कळत नाही. तिला कुणी गुपित सांगितलंच नव्हतं, म्हणजे तिने ते फोडलं असंही नाही. तिने आपला आनंद लिहिला. परिणाम कळण्याची जबाबदारी तिची नव्हती, तिच्या आईवडिलांचीही नव्हती, कारण त्यांनी ते वाचलंच नव्हतं. ती पहिल्या वाचकाची होती. पहिली वाचक मी होते.

मालकी हा शब्दच इथे चुकीचा आहे असं मला हळूहळू वाटू लागलं. आपल्याकडे एक चांगला शब्द आहे: ठेव. शेजारीण गावाला जाताना दागिन्यांचा डबा आपल्याकडे ठेवून जाते. तो आपण जपतो, मिरवत नाही आणि मागितला की निमूट परत करतो. लहान मुलाचा मजकूर ही आपल्याकडे ठेवलेली ठेव आहे आणि ठेवणारा माणूस अजून मोठा व्हायचा आहे. तो सोळा-अठरा वर्षांचा होऊन मागायला येईल तेव्हा त्याच्या हातात काय देता येईल, असा विचार करून आज वागायचं.

यावरून आमच्या वर्गाच्या काही रीती ठरल्या. ब्लॉग बंद केला नाही, पण त्याला कुलूप लावलं. प्रत्येक मुलाने आपल्या वाचकांची नावं स्वतः सांगायची, पाच ते सहा, आणि त्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी मुलांना उत्तर म्हणून स्वतःबद्दल लिहायचं. बेळगावच्या एका आजीने लिहिलेली तिच्या पहिल्या एस.टी. प्रवासाची गोष्ट आमच्या वर्गात अजून वाचली जाते. लिहून झाल्यावर मुलाने ठरवायचं की हे वहीत राहणार, वर्गात वाचलं जाणार की आजी-आजोबांकडे जाणार. लिहिण्याआधी हा प्रश्न विचारायचा नाही, नाहीतर मूल वाचकाकडे बघतच लिहू लागतं. मजकुरात दुसरं माणूस असेल तर त्याला आधी दाखवायचं, आणि हे काम मुलाचं नाही, माझं. जूनमध्ये शाळा संपली की सगळं छापून, शिवून मुलाच्या हातात द्यायचं आणि पडद्यावरचं पुसून टाकायचं. पुसायचं बटण मूलच दाबतं. काहींना वाईट वाटतं, बऱ्याच जणांना मजा येते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरा वाटतो. वाचकांनुसार मजकूर वेगळा काढायला शिकवणं म्हणजे मुलांना लहानपणीच लपवाछपवी शिकवणं नाही का? ‘घरातलं बाहेर लिहायचं नाही’ हेच आपण गोड शब्दांत सांगतोय का? मी बराच विचार केला. ‘काय लिहायचं नाही’ हे सांगितलं की मूल तो विषयच मनातून काढून टाकतं. मग निळी सायकल तेवढी उरते. ‘लिही सगळं, दाखवायचं कुणाला ते मग ठरवू’ असं सांगितलं तर लेखणी मोकळी राहते. पत्र आणि रोजनिशी यांतला फरक आपण सगळे जाणतो. रोजनिशी लिहिणाऱ्याला कुणी खोटारडा म्हणत नाही.

मात्र एक अपवाद मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा लागतो. कुणी मारतं, कुणी नको तसं वागतं असं कुणी लिहिलं, तर ते वहीत राहणार नाही. मावशी योग्य माणसाला सांगणारच. ठेव जपायची म्हणजे आग लागली तरी कुलूप उघडायचं नाही असं नव्हे. मुलाच्या भल्यासाठी बोलणं आणि आपल्या कौतुकासाठी बोलणं यात फरक करता यावा, एवढंच.

आता तुमच्याकडे वळते. तुम्ही कदाचित कुठल्याच शाळेत शिकवत नसाल. पण तुमच्या फोनमध्ये मुलाने गणपतीत म्हटलेल्या, मध्येच विसरलेल्या श्लोकाचा व्हिडिओ असेल. रडत रडत म्हटलेली बाराखडी असेल. ‘आमची पिल्लू कसं मराठी बोलते बघा’ म्हणून पन्नास जणांच्या गटात तुम्ही ते पाठवलं असेल. परदेशात वाढणारं आपलं मूल मराठी बोलतं याचा अभिमान मी समजू शकते. तो मलाही होता आणि त्याच अभिमानाने माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. त्या पाच वाक्यांत मला माझ्या शिकवण्याचं यश दिसत होतं. पाठवण्याआधी एवढंच स्वतःला विचारा: यातलं कौतुक कुणाचं आणि झळ लागलीच तर कुणाला?

हा लेख लिहायचं ठरवल्यावर मी त्या मुलीला फोन केला. ती आता अकरावीत आहे. आठ वर्षांपूर्वी तिला विचारलं नव्हतं, आता विचारलं. तिने मसुदा मागवला, दोन दिवसांनी परत पाठवला. वडिलांनाही तिने तो दाखवला होता. दोघांची हरकत नव्हती. तिने एक वाक्य मात्र खोडलं होतं. मी कारण विचारलं नाही आणि ते वाक्य काढून टाकलं. ते काय होतं ते मी तुम्हाला सांगणार नाही. लेखाला त्याची गरज होती असं मला अजूनही वाटतं.

पोह्यांबद्दलची ती पाच वाक्यं मात्र तिने ठेवू दिली. ‘मला ती अजून पाठ आहेत, मावशी,’ ती म्हणाली. ‘त्यानंतर मी मराठीत तसं काही लिहिलंच नाही.’ तिला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. तिला एक कोरी वही पाठवली आहे, पहिल्या पानावरही काही न लिहिता.